घोड्यावरून उतरल्यावर

कासिल्दाने रिकिबीतून पाय काढला आणि ती सरळ गवतात उतरली. मागच्या घोड्यावरचा म्हातारा गुराखी लेआंद्रो खाकरला.

"ताई, वर बसा. बेयोतेरोने अजून पायी माणूस पाहिलेला नाही."

"म्हणून तर उतरलेय."

दगडी गडग्यात माणूस जेमतेम मावेल एवढी फट होती. तिथे उभं राहून तिने खांद्यावरची शाल झटकली. ओकच्या सावलीतल्या काळ्या बैलाने, बेयोतेरोने, मान वर केली, थोडा विचार केला, आणि तो आला. ती फटीतून पलीकडे सरकली. पुन्हा आली, पुन्हा झटकली. शाल शिंगाने फाटली, तेव्हा लेआंद्रोने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. साक्षीदार व्हायची त्याची इच्छा नव्हती.

माद्रिदमध्ये कासिल्दा प्राण्यांच्या बाजूने वकिली करायची आणि नेमाने हरायची. रिंगणातली माणसाची आणि बैलाची झुंज हा कायद्याने सांस्कृतिक वारसा होता. बैलाचं म्हणणं मागवायची त्यात तरतूद नव्हती. पण एकदा कापडावर धावलेला बैल रिंगणात पाठवायचा नाही, हा झुंजीचे बैल पाळणाऱ्या तिच्या घराण्याचा नियम कायद्याहून जुना होता. त्याला अपील नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने सांगून टाकलं.

"बेयोतेरो आता जत्रेतल्या झुंजीला जाणार नाही, बाबा."

एवारिस्तो संत्रं सोलत होते. साल तुटली नाही.

"नाही जाणार. कापड कुठलं नि माणूस कुठला, हे कळलं त्याला. समोर कुणाचा तरी मुलगा उभा असतो." त्यांनी फोन उचलला. "हुलियान, गुरुवारच्या गाडीत एक वाढव."

"कुठली गाडी?"

"कत्तलखान्याची."

"कुरणात राहू दे ना त्याला."

"न पारखलेला वळू गायींत सोडू? की तू नेतेस माद्रिदला, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट आहे म्हणे." त्यांनी एक फोड तिच्यापुढे ठेवली. "नीट लढला असता तर लोकांनी रुमाल हलवून त्याचा जीव मागून घेतला असता. क्वचितच घेतात. त्याच्या बापाचा घेतला होता. तो बघ, खिडकीतून दिसतोय. चरतोय."

गुरुवारी बेयोतेरो गाडीत चढेना. लेआंद्रोचा घोडा घामाने निथळला. शेवटी एवारिस्तो लेकीकडे न बघता म्हणाले,

"तुझ्याकडे येईल."

कासिल्दा गाडीच्या पुढच्या गजांपलीकडे जाऊन उभी राहिली. फाटकी शाल तिने हात लांब करून बाजूला धरली आणि झटकली.

बेयोतेरो फळीवरून धडधडत आत आला. शालीकडे त्याने पाहिलंही नाही. तो सरळ तिच्याकडे आला.

लेआंद्रोने मागचं दार लावलं.