अंबूबाईची पात

उत्रोलीत भातलावणीला आता तरण्या बाया शोधून सापडत नाहीत. लेकीसुना सकाळीच टेम्पोनं नसरापूरकडं कामाला जातात. रत्नाच्या टोळीत सगळ्यात लहान रत्नाच, आणि तिलाही नातू झालेला. कुणाला काय झेपेल ते तीच ठरवायची, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

त्या दिवशी अंबूबाईची पात रेंगाळली. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याचा पट्टा. एक अडली की सगळ्या खोळंबतात. रत्नानं सगळ्यांदेखत गोड आवाजात सांगितलं, "आत्या, तुमचं गुडघं दुखत्यात. तुमी तरवा काढा, बसून काम हाय."

तरवा काढायचा म्हणजे रोपं उपटून मुठी बांधायच्या. अंबूबाई पातीतून बाजूला झाली. चिखलात पाट टाकून बसली. लावणी झपाझप पुढं सरकली, आणि खोटं कशाला सांगा, रत्नाला माया कमी आणि सुटका जास्त वाटली.

दिवस कलल्यावर बाया हातपाय धुवायला बांधावर आल्या. अंबूबाई पाटावरच होती.

"उठवंना गं," ती हळूच म्हणाली.

दोघींनी काखेत धरून उभं केलं, तर गुडघे सरळच होईनात. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सांगायचं न्हाई व्हय, आत्या?" रत्नानं विचारलं.

"वाकून मला कायबी हुत न्हाई. कंबार अजून टणक हाय. गुडघं दुमडलं की जीव जातो. पर तू सगळ्यांम्होरं सांगितलंस, मग म्या काय बोलू?"

रोग रेड्याला, औषध पखालीला, अशातली गत. रत्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा मुलगा सोमेश्वर पोटात होता तेव्हा हीच अंबूबाई शेजारची पात धरून तिची अर्धी लावणी उरकून द्यायची. आणि त्याआधी तिनं विचारलं होतं, "तुला काय झेपंल?"

दुसऱ्या दिवशी अंबूबाई आली नाही. रत्नानं तिची पात कुणाला दिली नाही. आधी स्वतःची लावली, मग तिची. सगळ्या खोळंबल्या, पण थांबल्या.

संध्याकाळी चिखलाच्या पायांनीच ती अंबूबाईच्या दारात गेली. म्हातारी भिंतीला धरून उभी होती.

"चुकलं माजं, आत्या. तुमाला काय झेपंल, सांगा."

अंबूबाईनं तिच्या चिखलाच्या पायांकडं बघितलं.

"आता भिंत सोडून हुबं ऱ्हायला झेपलं, तरी लई झालं," ती म्हणाली. "ये आत, च्या घे."