साडेदहाच्या आत

फोन वाजला तशी राजलक्ष्मीने ओल्या हातानेच तो उचलला, स्पीकर लावला आणि मुलीच्या तोंडापुढे धरला. भिंतीवरच्या घड्याळात दहा बावीस झाले होते. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो आणि बाराला सुटतो. ओरत्तनाडुच्या मुलाकडच्यांनी होकार कळवायचा तो त्याआधीच, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. तोही मुलानेच मुलीला सांगायचा, ही मुलाच्या आईची हौस.

"नित्या, मी कार्तिकेय." मागे वारा घोंघावत होता. कुठल्याशा बसचा हॉर्न वाजला. "ऐकूं येतं ना?"

"तुम्हीं गाडीवर अहात का?"

"हौ, तंजावुरासच येतों. ऑफिसचं काम. फोन हेल्मेटांत अहे, भय नाही. अम्मा बोलली, साडेदहाच्या आंत सांग म्हणून..."

"आधी गाडी उभी करा. मग बोला."

आणि तिने फोन कापला.

आमच्या तंजावुरात दुचाकीवरचे शहाणे फोन हातात धरत नाहीत, हेल्मेटात कानाशी खोचतात. दोन्ही हात मोकळे, म्हणजे आपण सुखरूप, असा त्यांचा हिशेब. नित्या हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट होती. असल्या शहाण्यांना पुन्हा पाऊल टाकायला शिकवण्यात तिचे दिवस जात. तरीही, मनाजोगतं स्थळ चालून आलेलं, मुलगा तिलाही आवडलेला आणि हाताशी आठच मिनिटं उरलेली, अशा वेळी फोन कापायला छाती लागते. ती या मुलीकडे होती, आणि मला विचाराल तर जीव ओवाळून टाकावा अशी होती.

आईला मात्र तसं वाटलं नाही.

"अय्यो! हां म्हणणाऱ्या माणसास कोण असं करतं गे? दोन शब्द ऐकलीस असती तर काय जात होतं?"

"त्यांचा पाय जात होता, अम्मा."

राजलक्ष्मीने फोन टेबलावर ठेवला. तिघंही घड्याळाकडे बघत बसली. नित्याचे वडील वेंकटराव काठीच्या मुठीवर बोटं वाजवत होते. दहा सव्वीस झाले, अठ्ठावीस झाले. साडेदहा वाजले तरी फोन काही वाजला नाही. राजलक्ष्मीने तो पालथा घातला आणि आत जाऊन नळ सोडला. तीस वर्षांत राहुकाळात तिने मीठसुद्धा विकत घेतलं नव्हतं, मग सोयरीक तर लांबच. नित्या तिथेच बसून राहिली. आपण केलं ते बरोबर होतं याची तिला खात्री होती, तरी पालथ्या फोनवरून तिची नजर हटत नव्हती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दारात मोटारसायकल थांबली.

हेल्मेट हातात घेऊन कार्तिकेय ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. वेंकटराव बाहेर आले. मागोमाग राजलक्ष्मी आली आणि घाईघाईने म्हणाली,

"बसा. कापी घ्या. पण ती गोष्ट बारापर्यंत काढूं नका."

"बरं मामी." तो मुकाट्याने ओट्यावर बसला. "झाडाखाली थांबलों तेव्हां चार मिनिटं होती. फोन काढलों. मग वाटलं, ही पळतां पळतां सांगायची गोष्ट नव्हे. फोन बंद करून खिशांत टाकलों, आणि आलों."

वेंकटरावांना पोरगा तिथल्या तिथे आवडला. पण बारापर्यंत बोलायचं काय? पाऊस झाला, कावेरीचं पाणी झालं, ओरत्तनाडुचा रस्ता झाला. शेवटी कार्तिकेयाची नजर काठीवर गेली.

"मामा, पायास काय झालं?"

"दोन वर्षं झाली. स्कूटरवरनं येत होतों, कुत्रं आडवं आलं."

हे कुत्रं सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होतं. त्याचा रंगसुद्धा ठरलेला होता, तपकिरी. ते कधी आडवं आलंच नव्हतं हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघंही एकमेकांना सांभाळून त्याच्यावर खापर फोडत.

"कुत्रं नव्हतं."

राजलक्ष्मी कॉफीचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होती. मागे नित्या.

"असूं दे गे," वेंकटराव हळूच म्हणाले.

"नाही, सांगतें. माझा फोन होता. असाच शुक्रवार होता. नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जायचं होतं, आणि साडेदहास पांच कमी. राहुकाळ लागतो, लवकर या, म्हणून मीच फोन केलें. यांनी पण हेल्मेटांतच खोचला होता. मी 'लवकर, लवकर' म्हणत होतें, आणि तिकडनं नुसता आवाज आला. पडल्याचा." पेला तिच्या हातातच राहिला होता. "तो आवाज अजून जात नाही कानांतनं."

नित्याने तो पेला तिच्या हातातून घेतला. दोन वर्षांत आई हे पहिल्यांदाच बोलली होती, तेही एका परक्या माणसापुढे, ज्याच्यासमोर घराची मूठ झाकलीच ठेवायची असते. रोज वडिलांना काठीवर उभं करताना मुलीला वाटायचं, आई कधीतरी बोलेल. आता तिला आईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

नित्याने पेला कार्तिकेयापुढे ठेवला. मग राजलक्ष्मीने पदराने तोंड पुसलं.

"सांगा आतां. काय सांगाय आलांत तें."

"मामी, अजून राहुकाळ..."

"असेल. सांगा."

कार्तिकेय उठून उभा राहिला. "आमच्या घरचं लहानथोर अस्क्यांचं हां अहे. माझं पण. पण फोन कापला, मग ध्यानांत आलं..." त्याने नित्याकडे बघितलं. "आमचं आम्हींच ठरवलों. तुम्हांस कोणी विचारलंच नाही. तें विचाराय आलों."

नित्याने सवयीने आईकडे पाहिलं. आत भिंतीवर अकरा वीस झाले होते.

"मजकडे काय बघतेस?" राजलक्ष्मी म्हणाली. "त्यांस सांग."