हिरव्या शेगडीजवळची जागा

मित्रांनो, मी बव्हेरियातल्या एका शेतघरातली जुनी शेगडी आहे. माणसाहून उंच, हिरव्या फरशांची. माझं पोट बैठकीत आणि तोंड मागच्या बोळकांडीत. लाकडं तिथूनच घालायची. कुंभाराने मला रचलं, तेव्हा माझ्याभोवती बाकही बांधला. हिवाळ्यात शेजारी तिथे दाटीवाटीने बसत, पत्ते कुटत, बिअर पीत आणि पाय पसरून म्हणत, "गेम्यूटलिश!" ऊब आणि आपलेपणा, दोन्हींसाठी त्यांचा हा एकच शब्द. तो ऐकून मी फुलून जाई.

दुसरं महायुद्ध संपलं. त्या हिवाळ्यात पोलंडकडे गेलेल्या सायलेशियातून, जर्मन म्हणून हाकललेली ओटिलिए तान्ह्या मुलीला घेऊन आली. सरकारी माणसाने तिला आमच्या घरातली माडीवरची खोली दिली. तिथे विस्तव नव्हता. मालकीण क्रेझेन्सने बजावलं, "बैठकीत पाऊल टाकायचं नाही."

एका रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव रंगला होता. क्रेझेन्स लाकडं घालायला मागे गेली, तर माझ्या तोंडाशी ओटिलिए पोरीला कवटाळून बसलेली.

"ही काय धर्मशाळा आहे? ऊठ!"

"बाई, पोर निळी पडलीय हो. थोडा वेळ बसू द्या."

"आज थोडा वेळ, उद्या घरच मागशील!"

मित्रांनो, माझ्या पोटात जाळ होता, पण मला हात नव्हते.

क्रेझेन्सचे सासरे, कोर्बिनियान, बाकावरून उठले. काठी टेकत बोळकांडीत आले आणि गार दगडावर बसले.

"मामंजी, हे काय? लोक बघतायत!"

"बघू देत. माझी जागा रिकामी झालीय, सूनबाई. तिला तिथे बसव. नाहीतर मी इथेच बरा."

क्रेझेन्स बाजूला झाली. ओटिलिए आत येऊन बाकाच्या कडेला टेकली. शेजाऱ्यांनी पत्ते ठेवले, टोप्या उचलल्या आणि एकेक करून निघून गेले. त्या दिवशी 'गेम्यूटलिश' कुणीच म्हणालं नाही. क्रेझेन्स रागाने धुमसत पेले आवरत राहिली. बाकावर पोर झोपली. झोपेत तिच्या पायावरची शाल घसरली. क्रेझेन्स थबकली, वाकली आणि तिने शाल सारखी केली.

आता घर तापवायला भिंतींतून गरम पाण्याच्या नळ्या आल्यात. मी थंड पडून आहे, माझ्या फरशांना तडे गेलेत. मित्रांनो, मला पुन्हा पेटवलंत, तर एवढंच करा: दाराबाहेर कुणी कुडकुडत नाही ना, ते आधी पाहून या.