आठ मजल्यांचा दोर

मिस्त्रीने जुनं फडकं दोराभोवती गुंडाळून मुठीत धरलं आणि लिफ्ट अगदी सावकाश खाली सोडली. पोलादी दोर फडक्यातून सरकू लागला. चार हात गेला नसेल, तोच फडकं टर्रकन फाटलं. त्याने लिफ्ट थांबवली, वाकून पाहिलं. तुटलेल्या तारांची टोकं काट्यांसारखी बाहेर आली होती. एका वितीत त्याने अकरा मोजल्या. शेजारच्या दोराची गत याहून वाईट.

गच्चीवरच्या त्या कोंदट खोलीतला मुख्य खटका त्याने खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि आठ मजले पायी उतरून दारावर पाटी लटकवली: लिफ्ट बंद आहे.

परत वर चढताना चौथ्या मजल्यावर तिथल्या सूनबाईने दारातच त्याला गाठलं. "अहो, मामंजींना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायचं असतं. आता काय पाठुंगळी नेऊ त्यांना?"

"कधी न्यायचंय?"

"उद्या दहाला."

"मी येतो. खुर्चीत बसवून उतरवू," मिस्त्री म्हणाला. तिने अविश्वासाने त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात त्याच्या कंपनीतल्या अधिकाऱ्याचा फोन आला. "मिस्त्री, ती लिफ्ट बंद का दिसतेय?"

"दोर गेलेत साहेब."

"गेलेत म्हणजे? तुटलेत का?"

"तुटले असते तर तुम्हाला फोन पोलिसांचा आला असता."

"हे बघा, परवा त्या इमारतवाल्यांची बैठक आहे. देखभालीचा आपला करार पुढे चालू ठेवायचा की नाही, ते ठरणार. नेमकी आत्ता पाटी लागली तर मी वर काय तोंड दाखवू? दोर पुढच्या महिन्यात नक्की देतो. आज अहवालात 'ठीक' लिहा."

"तेवढं सोडून काहीही सांगा साहेब."

"थांबा तिथेच. माणूस पाठवतो."

अधिकारी तसा वाईट नव्हता. मिस्त्रीच्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन कंपनीच्या खर्चाने झालं, तेव्हा तिचे कागद त्यानेच टेबलाटेबलावरून पुढे ढकलले होते. मोठ्या कंपनीत येऊन मिस्त्रीला तीन वर्षं झाली होती. त्याआधीची चोवीस वर्षं जुने मालक भाऊ यांच्याकडे गेली. एक शेड, सात माणसं, आणि भाऊ स्वतः हातात पाना घेऊन सगळ्यांच्या पुढे. मिस्त्री एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडला, खांद्याचं हाड मोडलं. भाऊंनी त्याला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं आणि दोन दिवस दवाखान्यातून हलले नाहीत. पण कमरेला बांधायचा जो पट्टा असता तर तो पडलाच नसता, तो पट्टा वर्षभर मागूनही आला नव्हता. "आणू रे," एवढंच भाऊ म्हणत. मोठ्या कंपनीने पट्टा, बूट, टोपी सगळं पहिल्याच दिवशी हातात ठेवलं. पुढे मात्र कंपनीने दिलेला फोनच सांगू लागला, एका लिफ्टला पस्तीस मिनिटं. छत्तिसावं मिनिट लागलं की फोन लाल व्हायचा.

बायको एकदा म्हणाली होती, "दोघांना एका पातेल्यात कालवून एक धड मालक करता आला असता, तर बरं झालं असतं."

कंपनीचा माणूस यायला दुपार झाली. मिस्त्री वर मशीनपाशी बसून होता. जिन्यात धापा ऐकू आल्या, मग खोकला, मग ओळखीचा घसा खाकरण्याचा आवाज. मिस्त्री ताडकन उठला.

दारात भाऊ उभे होते. सत्तरी ओलांडलेली, शर्ट पाठीला चिकटलेला.

"भाऊ! अहो, खालून हाक मारायची. मी आलो असतो."

"तू आला असतास, पण त्या खटक्याची किल्ली घेऊन आला असतास का?" भाऊ हसले आणि पत्र्याच्या पेटीवर टेकले. मिस्त्रीने पाण्याची बाटली पुढे केली. भाऊंनी ती अर्धी संपवली.

"दाखव," भाऊ म्हणाले.

त्यांनी दोरावरून अंगठा फिरवला आणि झटक्यात मागे घेतला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. रुमालाने तो टिपत ते बराच वेळ दोराकडे बघत राहिले. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. आता भाऊ खाली जाऊन स्वतः फोन करतील, दोन शिव्या घालतील आणि उद्या दोर येतील, असं त्याला वाटलं.

"महिनाभर काढेल," भाऊ म्हणाले.

मिस्त्रीला आधी कळलंच नाही. "काय म्हणालात?"

"महिनाभर. चालू कर."

"भाऊ, तुम्ही हात लावून बघितलंत ना?"

"बघितलं."

"तरी?"

भाऊंनी मान खाली घातली. "कंपनीने मला सल्लागार नेमलंय. महिन्यातून चार वेळा बोलावतात, खुर्ची देतात. घरात बसलो की भिंती खायला उठतात रे. इथली लिफ्ट पूर्वी माझ्याकडे होती म्हणून त्यांनी मला धाडलं. 'तुमचा माणूस आहे, तुमचं ऐकेल,' म्हणाले. मी हात हलवत परत गेलो, तर पुन्हा कशाला बोलावतील?"



"माझा शब्द कधी खाली पडू दिला नाहीस तू," भाऊंचा आवाज चढला. "खड्ड्यात पडला होतास, तेव्हा कोणी उचललं होतं तुला?"

"तुम्हीच उचललंत," मिस्त्री म्हणाला. "पडलोही तुमच्याकडेच."

बोलून गेल्यावर त्याचंच तोंड कडू झालं. चोवीस वर्षांत हे वाक्य त्याच्या जिभेवर कधी आलं नव्हतं. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही भाऊ. पण ते फेडायला या इमारतीतली माणसं कशी देऊ? ती माझी नाहीत."

भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. उतरताना दुसऱ्याच पायरीवर त्यांचा तोल गेला. मिस्त्रीने पुढे होऊन खांदा दिला. आठ मजले ते तसेच उतरले. प्रत्येक वळणावर भाऊ दम खायला थांबत, मिस्त्रीही थांबे. खाली आल्यावर भाऊंनी खांद्यावरचा हात काढला आणि मागे न बघता ते गाडीकडे गेले.

मिस्त्रीने तपासणीचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि इमारतीचा कारभार पाहणाऱ्या बाईंच्या हातात दिला. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्याच संध्याकाळी कंपनीला पाठवला.

चौथ्या दिवशी नवे दोर आले. तोवर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना मिस्त्रीने खुर्चीत बसवून दोनदा खाली-वर नेलं होतं. करार पुढे चालू राहिला. 'आपल्या तत्परतेबद्दल आभार,' असं इमारतीने कंपनीला कळवलं. मिस्त्रीला गोदामात बसवलं. तिथे तो दोन महिने नट आणि बोल्ट वेगळे करत राहिला. मग एक पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. त्याच्या सेवेची यापुढे गरज नव्हती.

बायकोने पत्र वाचून घडी घातली. "भाऊंचा फोन आला का?"

"नाही."

"तुम्ही करा."

"काय बोलू?" तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो बाजारामागच्या गल्लीत लिफ्टदुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात गेला. तीन माणसांचं दुकान. मालक चाळिशीचा, हसतमुख. त्याने मिस्त्रीचं नाव ऐकलेलं होतं. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

"उद्यापासूनच या. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडत नाही."

"नेमणुकीचं पत्र द्याल?"

मालक मोकळेपणाने हसला. "पत्र कशाला मिस्त्री? आपल्याकडे मालक-नोकर असलं काही नाही. घरच्यासारखं समजा."

"घर आहे मला," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "पत्र द्या. आणि त्यात पट्ट्याचंही लिहा."

मालकाचं हसू जरा विरलं. मग त्याने ड्रॉवर उघडला, खालून एक कोरा कागद काढला आणि पेन शोधू लागला. पेन लवकर सापडेना. मिस्त्रीने घाई केली नाही. चहा निवत होता. हात मांडीवर ठेवून तो नीट ताठ बसून राहिला.