रिकाम्या झोळीचं वजन

मी एक ताणकाटा बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. मला तोंड नाही, गोल चेहरा आहे. त्यावर काच, काचेमागे शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा आणि एक सुई. डोक्यावर कडी, पायाशी हूक, पोटात स्प्रिंग. हुकाला काही लटकलं की स्प्रिंग ताणते, स्प्रिंग ताणली की सुई फिरते. माझं सगळं बोलणं एवढंच. पण हे एवढंसं बोलणंही खरं निघेल ना, या धास्तीत माझा जन्म चाललाय.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे जाड चष्म्याचे एक तपासनीस होते. प्रमाणित वजनं लावून ते एकेक काटा पाहत आणि पुटपुटत, "दिसतोय ठीक. पण दिसण्यावर काय जातंय?" मलाही त्यांनी पसंत केलं, मात्र मान हलवत. ती मान होकारार्थी हलली की कंटाळ्याने, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे मी एका नर्सबाईंच्या पिशवीत आलो. बाई घरोघर जाऊन तान्ह्या बाळांची वजनं करायच्या. मला कधी दाराच्या चौकटीला टांगायच्या, कधी जिन्याच्या कठड्याला, एकदा तर झाडाच्या फांदीला. त्यांची रीत ठरलेली. आधी रिकामी झोळी हुकाला लावायची, मग माझ्या माथ्यावरची चकती फिरवून सुई शून्यावर आणायची आणि मगच झोळीत बाळ ठेवायचं. म्हणजे झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढत नाही.

माणसांच्या सवयी मी तेव्हा जवळून पाहिल्या. बाळ झोळीत गेलं की बाप आकडा विचारतच नाहीत, नुसतं "चांगलं आहे ना?" विचारतात. आज्या हळूच खालून हात लावतात.

"आजी, हात काढा बघू," बाई म्हणायच्या.

"अहो, पडेल ना ते."

"पडत नाही. तुम्ही असं तोलून धरलंत तर अर्धं बाळ तुमच्याच हातात मोजलं जाईल."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यात आकडे उजळणारे नवे काटे आले होते. मी मोडीत निघणार होतो. बाईंनी मला मागून घेतलं आणि घरी कपाटात ठेवलं. तिथे माझा आळस मोडणारं कुणी नव्हतं. छत्री अंगावर रेलायची. प्रवासाला निघताना बाईंचे जावई मला बाहेर काढून भली मोठी बॅग लटकवायचे. सुई शेवटच्या रेघेला टेकून थरथरायची आणि मला वाटायचं, स्प्रिंग ढिली पडली आता. पण ढिली पडली की नाही, हे ज्याचं त्याला थोडंच कळतं?

मग बाईंची नात जन्मली. दिवस भरायच्या आधीच आली, मुठीएवढी. घरात सगळे तिला ठमी म्हणू लागले. बाईंची लेक आणि जावई समोरच्याच घरात राहत. मदतीला जावयांच्या आई, म्हणजे बाईंच्या विहीणबाई, येऊन राहिल्या होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा जिवाला गर्दीत आणू नका. तुम्ही तर या कामात मुरलेल्या, घरीच वजन करत जा. वाढत असेल तर काळजी नाही. वाढलं नाही तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच घेऊन या."

मी लेकीच्या घरात पुन्हा चौकटीला टांगला गेलो. एवढी बाळं मोजली, पण बाईंची बोटं कधी गार लागली नव्हती. या वेळी लागली.

पहिलं वजन नीट झालं. पण जुनी कापडी झोळी पाहून विहीणबाईंनी नाक मुरडलं. "हिच्यातून भाजी आणायचात का हो?"

"हजारभर बाळं झुलली हिच्यात," बाई म्हणाल्या. "एकानेही तक्रार केली नाही."

"बोलता येत असतं तर केली असती."

बाई पटकन म्हणून गेल्या, "तुम्हाला येतंय ना, तेवढं पुरे आहे." झालं. दोन दिवस दोघींचं बोलणं लेकीच्या मार्फत चाललं. "आईंना विचार, चहा घेणार का." "सांग, घेईन." शेवटी बाईच नमल्या. पुन्हा शब्दाला शब्द लागू द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या वजनाच्या दिवशी विहीणबाई ठमीला नव्या झोळीत घालूनच घेऊन आल्या. कापूस भरलेली, आतून लोकरी अस्तर, जाड पट्टे. शिवण मात्र देखणी. "आत्ताच डोळा लागलाय तिचा," त्या कुजबुजल्या. "अशीच लटकवा. उगाच काढ-घाल नको."

बाईंचा हात माझ्या माथ्यावरच्या चकतीपर्यंत आला. मी वाट पाहत होतो. आता त्या म्हणतील, विहीणबाई, आधी झोळी रिकामी करा. त्यांनी विहीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. हात तसाच खाली गेला.

सुई पहिल्या वजनापेक्षा दोन रेघा पुढे थांबली.

"दोनशे ग्रॅम!" लेकीने डोळे पुसले. विहीणबाई म्हणाल्या, "झोळी लाभली हो पोरीला." बाई हसल्या, पण नजर माझ्यावरून काढून खिडकीकडे नेली.

मला काय वाटलं ते कसं सांगू? हुकाला जेवढं लटकलं होतं तेवढंच मी सांगितलं, एका ग्रॅमचीही लबाडी नाही. तरी त्या घरात खोटं शिरलं ते माझ्याच तोंडून. शिवाय मला माझीच खात्री नव्हती. झोळी जड आहे, की ठमी खरंच वाढलीय, की बॅगा उचलून माझी स्प्रिंग सैल झालीय? मी आपला टांगल्या जागी कुढत राहिलो.

पुढच्या वेळी विहीणबाईंनी झोळीत उशीही शिवून टाकली. सुई आणखी एक रेघ सरकली. लेक मात्र अधूनमधून म्हणे, "पिता पिता झोपते गं ही. मनगट तर तसंच दिसतंय मला."

"काट्यापेक्षा तुझे डोळे मोठे का?" विहीणबाई म्हणत. बाई दुपट्यांच्या घड्या घालू लागत.

एका दुपारी झोळी ओली झाली. विहीणबाईंनी ती धुऊन गच्चीवर वाळवली आणि घरात आणून हाताशी आलेल्या माझ्या हुकाला अडकवली. त्या आत गेल्या. लेक ठमीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. माझ्यासमोर आली आणि थांबली. काचेवर टिचकी मारली. सुई तिसऱ्या रेघेवरून हलेना.

"आई, जरा इकडे ये," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "या रिकाम्या झोळीत कोण झोपलंय?"

बाई आल्या, एकदाच पाहिलं. जुनी झोळी आणली, लावली, चकती फिरवली. ठमीचे कपडे काढून तिला आत ठेवलं. ती जेवढी पहिल्या दिवशी होती, तेवढीच होती. तेवढीही नव्हती. एक रेघ मागेच.

विहीणबाई भिंतीला टेकल्या. "म्हणजे मी तिला ऊब देत होते आणि..."

"तुम्ही झोळी शिवलीत," बाई म्हणाल्या. "चकतीवरचा हात मी मागे घेतला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आता बोलत बसू नका, दुपटं घ्या."

पायांत चपला सरकवत सगळे ठमीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावले आणि दार लागलं. मी एकटा उरलो.

ते दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. लिफ्ट वरखाली झाली तरी माझी सुई दचके. जावई दवाखान्यात कपडे न्यायला येत, माझ्याकडे न बघता निघून जात. चांगलं असेल तर माणूस एकदा तरी वर बघेल ना, असं मला वाटे. मग वाटे, घाईत असेल.

ठमी परत आली. चोखता चोखता दमते म्हणून पोट अर्धंच भरत होतं तिचं. आता वाटीचमच्याने दूध पाजायला शिकवलं होतं. बाईंनी मला पुसलं, जुनी झोळी लावली आणि म्हणाल्या, "विहीणबाई, चकती तुम्ही फिरवा. माझ्याकडे लक्षही ठेवा."

"ठेवणारच आहे," विहीणबाई म्हणाल्या.

उघडी ठमी गारठून असा टाहो फोडू लागली की सुई नाचायलाच लागली. "ही थांबेना हो." "लाथा मारतेय ती. मारू दे." पहिल्या दिवसापेक्षा तीन रेघा पुढे. लेकीने या वेळी डोळे पुसले नाहीत. आईला म्हणाली, "आणि काटाच बिघडलेला असला तर?"

बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "बरं विचारलंस."

आत्ता मी जावयांच्या पिशवीत आहे. वजनकाटे तपासणाऱ्याकडे निघालोय. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला सुई काचेआड उडतेय. मला खोटं ठरवलं तर खुशाल मोडीत घाला, कुणाचं मन राखायला मला चौकटीवर ठेवू नका. स्वतःसाठी मला खरं ठरायचं नाही. त्या तीन रेघा ठमीच्या आहेत. तेवढ्या तिच्या तिला मिळाव्यात, म्हणून जीव टांगणीला लागलाय.