कोऱ्या फिल्टरला लागलेला वारा

मित्रांनो, मी एक जुना कोरा फिल्टर आहे. जुना आणि तरीही कोरा कसा, असं तुम्ही विचाराल. माझं कामच कोरं राहण्याचं होतं.

पातळ, गोल, पांढरेशुभ्र असे आम्ही वीस भावंडं एका खोक्यातून प्रयोगशाळेत आलो. भावंडांना एकेक करून गच्चीवरच्या पंपात बसवत. पंप दिवसभर हवा ओढी आणि हवेतले कण त्यांच्या अंगावर बसत. मग क्ष-किरणांच्या यंत्रात त्यांची झडती होई. किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपली ओळख सांगतं: मी लोह, मी जस्त, मी शिसं. मी मात्र डबीत बंद. गच्चीवर जायचं आणि तसंच परत यायचं. मी स्वच्छ निघालो, तरच भावंडांवरचं शिसं हवेतलंच आहे, हाताळताना लागलेलं नाही, हे सिद्ध होणार होतं. जेवणावळीला जाऊन उपाशी परतावं, तशी माझी गत! भावंडं काळवंडून येत आणि मला त्यांचा हेवा वाटे. मला वारा हवा होता, फार हवा होता.

गच्ची एका बालवाडीची होती. शेजारीच जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी, तिच्या धुरातून विषारी शिसं हवेत जाई. नमुने घेणाऱ्या ताईंची लेक त्याच बालवाडीत होती. आमचा अहवाल गेला की भट्टी बंद होणार, म्हणून ताई जिवाचं रान करत होत्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला तपासायला डबी उघडली, तोच खालून हाक आली, "अहो ताई, तुमची छकुली पडलीये, लवकर या!" ताई धावत सुटल्या. झाकण उघडंच राहिलं.

खोटं कशाला बोलू? तशी दुपार मला पुन्हा मिळाली नाही. वारा अंगावरून गेला, पोरांचा गलका घेऊन परत आला. जाऊ नकोस रे, असं मी त्याला मनातल्या मनात म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी यंत्राने माझ्या अंगावर शिसं दाखवलं. ताईंचा चेहराच उतरला. कपाटात चार कोरे फिल्टर होते. त्यातला एक माझ्या जागी ठेवला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. ताई बराच वेळ कपाटापाशी उभ्या होत्या. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे गेल्या.

"सर, कोऱ्याचं झाकण माझ्याकडून उघडं राहिलं."

"अगं, मग सगळे नमुने बाद! आणखी एक महिना जाणार. तुझीच पोरगी आहे ना तिथे?"

"म्हणूनच सांगतेय. उद्या भट्टीवाल्याने हे शोधून काढलं, तर भट्टी कधीच बंद व्हायची नाही."

महिनाभर पुन्हा नमुने घेतले. नवा कोरा स्वच्छ निघाला आणि भट्टी बंद झाली. पण तो महिनाभर छकुली आणि तिचे सवंगडी तीच हवा श्वासात घेत होते.

आता मी खणात पडून असतो. मित्रांनो, तुमच्यावर सोपवलेल्या डबीचं झाकण आठवणीने लावा, कितीही घाई असली तरी. त्या पोरांची मला मनापासून क्षमा मागायची आहे. आणि तरीही, कुणी खण उघडला की मी अजून वाऱ्याची वाट बघतो.