समोर बसून शिकलेला टाका

बापानं स्वतःच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या पाया पडायचं, हे आपल्या मुलाचं वागणं आजीच्या काही पचनी पडेना. "जनाची नाही तर मनाची तरी ठेव," ती त्याला म्हणाली. पण ऐकतो कोण?

घरच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कागदाच्या गठ्ठ्यांवर चढून बसल्या होत्या. लांब टेबलापाशी, चार महिन्यांपूर्वी गेलेल्या आईच्या खुर्चीत, आईचा अ‍ॅप्रन घालून नात बसली होती आणि आईसारखीच कोरडं खोकत होती.

"हा खोकला या कोवळ्या छातीतला आहे का?" तिच्या शेजारी आसन मांडून बसलेले मठाचे महाराज म्हणाले. "हिच्या अंगात आई आली आहे. उद्यापासून पोरगी माझ्या मठात राहील. शाळा बंद. पाढ्यांनी आत्म्याला त्रास होतो."

"पाढ्यांचा त्रास जित्यांनाही होतो," आजी पुटपुटली. पण तिची नजर दाराकडे गेली. मुलानं पोरीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

खरं तर पहिल्या दिवशी तो खोकला ऐकून आजीही दाराआड थबकली होती. सून होती तोवर आजीनं तिला कधी गोड शब्द दिला नव्हता. त्या दिवशी तो ओठांपर्यंत आला होता.

नातीनं छापील कागद दुमडला, दोरा ओठांना लावला, टाका घातला. गर्दी हळहळली. "हुबेहूब," कुणीतरी म्हणालं.

आजी टेबलाजवळ सरकली. चौथी नापास असली तरी टाक्यांत तिचा जन्म गेला होता.

"तुझी बायको सुई कुठल्या हातात धरायची?" तिनं मुलाला विचारलं.

"उजव्या."

"आणि ही?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सुई डाव्या हातात होती.

महाराज हसले. "माई, परलोकात सगळं उलटं होतं."

"मग डोक्यावर उभी राहून शिवायला हवी होती." आजी समोरच्या शेजारणीकडे वळली. "माझ्याकडे बघ आणि मी करते तसं कर." तिनं उजवा हात गालावर ठेवला. शेजारणीनं डावा ठेवला.

"बघितलंत? ही पोरगी लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं. टाका तेवढा डावा. तीन वर्षं ती आईसमोर बसायची, आरशात बघावं तशी. आई अंगात आली असती, तर हात चुकला असता का? हिनं टाका बघून उचलला, खोकलाही बघूनच उचलला. चमत्कार शोधण्याआधी जरा डोळे उघडून बघत जा."

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. गर्दी पांगली. काहीजण आजीवरच चिडून गेले.

कारखान्यात तिघंच उरली. आजीनं नातीच्या हातातली सुई काढून घेतली. "का गं बाई असं केलंस?"

पोरगी अ‍ॅप्रनची नाडी ओढू लागली. "एकदा आईसारखी खोकले, तर पप्पा धावत आले. तोवर माझ्याशी बोलतच नव्हते."

मुलगा खुर्चीपाशी खाली बसला. "आई, तू तिला पुन्हा मारलंस," तो म्हणाला. "रोज तासभर तरी ती भेटत होती मला."

आजीलाही सून हवीच होती. पण पोरीची हनुवटी चार महिन्यांत टोकदार झाली होती, आणि ते आजपर्यंत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही. तिनं पिशवी उचलून आत ठेवली आणि मुलासमोर येऊन उभी राहिली.

"ऐक. पोरं सांगून शिकत नाहीत, बघून शिकतात. या घरात मेलेल्याला जवळ घेतात आणि जित्याला वाऱ्यावर सोडतात, एवढं हिनं बघितलं, म्हणून ही मेलेली झाली. महाराज लबाड होता, पण ही शिकवण त्याची नव्हती. तुझी होती आणि माझीही होती. तुझी बायको गेली, बाळा. ती परत येणार नाही. लेक अजून आहे. ऊठ, तिला जवळ घे."